उलट्या पिळाचा दोर

दोरवाली तागामागे उभी होती, म्हणून ते भांडण तिच्या कानावर पडलं. दोर वळायच्या लांब पडवीत तागाच्या धुतलेल्या जुड्या वाळायला टांगल्या होत्या, पडद्यासारख्या, आणि ती त्यांच्या आड वाकून गळालेले धागे वेचत होती. पडद्याच्या पलीकडे तिचा नवरा होता. दारात बदकवाली म्हातारी येऊन उभी राहिली होती.

"अरे दोरवाल्या, तळ्यातला ताग काढ. माझी बदकं उताणी पडायला लागली."

"ताग कुजल्याशिवाय साल सुटत नाही, म्हातारे. आणि तळं काय तुझ्या बापानं खणलं?"

"माझ्याही नाही आणि तुझ्याही नाही. पण तुझ्या बापानं तुला नाक दिलंय ना? एकदा येऊन वास घे."

"माझं नाक माझ्या धंद्याच्या वासाला सरावलंय."

"म्हणजे काढत नाहीस?"

"काढणारच होतो. आता तू सांगितलंस, म्हणून मुळीच काढत नाही."

म्हातारी जायला वळली असावी, कारण पुढचं बोलणं जरा लांबून आलं. "राहू दे मग. तुझ्या दोराला पीळ राहायचा नाही. तसं तुझ्या घरात पिळाशिवाय आहे तरी काय म्हणा. पाळणा कुठंय?"

दोरवालीचा हात धाग्यांवर तसाच राहिला. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. लोक पाठीमागे बोलत असणार हे तिला माहीत होतंच, पण पाठीमागचं बोलणं ऐकायची वेळ आजवर आली नव्हती. म्हातारीची काठी आणि तिच्या मागच्या बदकांची कुरकुर लांब गेल्यावर ती मागल्या दारानं बाहेर पडली आणि कळशी घेऊन पुढल्या दारानं आत आली.

"कुठे होतीस?" नवऱ्यानं विचारलं.

"पाण्याला."

त्यानं कमरेला ताग गुंडाळला. ती चाकापाशी बसली आणि दोघं कामाला लागली.

हे काम एकट्याचं नव्हे. एकानं बसून चाक फिरवायचं. चाकावरची चामड्याची वादी पुढचे आकडे गरागरा फिरवते. दुसऱ्यानं कमरेला ताग गुंडाळून त्या आकड्याला धागा लावायचा आणि हातानं ताग सोडत सोडत मागे चालत जायचं, पडवीच्या पार टोकापर्यंत. दोरवाली चाकावर, नवरा मागे मागे. तिला कधी कधी हसू येई, की दुसऱ्या बायकांचे नवरे पाठ करून जातात, आपला निदान तोंड इकडे ठेवून जातो. नवरा बाजाराला गेला की त्याचा धाकटा भाऊ, तिचा दीर, मागे चालायचा. तो तरणाताठा होता, बोलघेवडा होता आणि कामाचा कंटाळा करण्यात कुणाला हार जायचा नाही.

तर नवऱ्यानं हट्टानं ताग तळ्यातच ठेवला. जेव्हा काढला तेव्हा तो पांढराफेक दिसत होता, पण बोटांत धरून ताणला की कापसासारखा हातात येत होता.

"अहो, हा फार मुरलाय," दोरवाली म्हणाली.

"दिसायला छान आहे."

"गिऱ्हाईक बघायला घेतं का?"

"तू चाक फिरव."

तिनं फिरवलं. त्या तागाचा दोर बेडकानं नेला. बेडूक म्हणजे गावातल्या विहिरी उपसणारा. अर्धा जन्म पाण्यात गेला म्हणून त्याला सगळे बेडूकच म्हणत, आणि त्याची बायकोसुद्धा रागावली की त्याच नावानं हाक मारी. तो विहिरीत उतरत असताना दोर अर्ध्यावर तुटला. जीव वाचला, पण पाय असा मोडला की पुन्हा सरळ झाला नाही.

दोर वळणाऱ्याचा दोर तुटला म्हणजे त्याची अब्रूच तुटली. नवरा दोन दिवस घराबाहेर पडला नाही. मग न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला आणि तिथं सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारी दारात येऊन बोलून गेली होती. पीळ राहायचा नाही म्हणाली. नाही राहिला."

यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं असतं तर कुणीतरी खोडून काढलं असतं.

न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली माणूस मान हलवू शकत नाही, त्यामुळे तिथं सांगितलेली गोष्ट ऐकून घ्यावीच लागते. महिन्याभरात गावाला सगळं आठवू लागलं. कुणाची गाय आटली होती, कुणाचा पोरगा तोतरा झाला होता, आणि दोरवालीची कूस तर त्या म्हातारीनंच बांधली होती. ज्या बायका हातावरचे मस घालवायला म्हातारीकडून पाला आणत, त्या तिच्या झोपडीवरून जाताना पदरानं तोंड झाकू लागल्या. शेवटी न्हाव्यानं आपल्या आजोबांचा हवाला देऊन सांगितलं, की चेटकिणीला साधा दोर धरत नाही. तिनं नुसती फुंकर मारली की पीळ सुटतो. तिला बांधायला उलट्या पिळाचा दोर लागतो. तो तिला सोडवता येत नाही.

धाकट्यानं ही बातमी जेवताना घरी आणली.

"वहिनी, खरंच असा दोर होतो?"

"न व्हायला काय झालं? वादीला तिढा घालून चढवली की आकडे उलटे फिरतात. पण घेणार कोण असला दोर? हाताला सवय नाही, गाठसुद्धा नीट बसत नाही."

"म्हणजे होतो."

"जेव मुकाट्यानं," नवरा म्हणाला.

पुढे हे बोलणं दोरवालीच्या मनातून कधी गेलं नाही. आपणच सांगितलं, आणि ताटावर बसून सांगितलं, घास मोडता मोडता.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी नवरा गाडीत दोर भरून गेला. धाकटा अंग कसकसतंय म्हणून घरीच लोळत पडला. दोरवाली नदीपलीकडे आत्याकडे गेली. आत्याला गुडघ्यांनी उठू दिलं नव्हतं आणि घरात धान्य निवडायचं पडलं होतं. ती दिवस कलताना परतली तेव्हा गाडी अंगणात होती, बैल सोडलेले होते आणि नवरा हातपाय धुऊन ओट्यावर बसला होता.

"लवकर आलात."

"हं. माल उठला." मग थांबून म्हणाला, "तू कधीची गेली होतीस?"

"सकाळपासून."

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. असं तो दोर तपासताना बघायचा. धाकटा आत पांघरूण डोक्यावर घेऊन झोपला होता.

सकाळी ओरड झाली. बदकवाली तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात पडली होती, पालथी. दोन्ही हात मागे बांधलेले. बदकं तिच्या भोवतीनं फिरत होती, रोजच्यासारखी, तिनं उठून दाणे टाकावेत म्हणून. सगळा गाव काठावर उभा होता आणि पाण्यात कुणी पाय घालत नव्हतं. दोरवाली बायकांमधून पुढे झाली आणि तिची नजर म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर न जाता मनगटावर गेली. साध्या दोरावर पिळाची रेघ उजवीकडे चढत जाते. ही डावीकडे चढत होती. आणि नुसत्या हातांनी मांडीवर वळलेला दोर ओबडधोबड असतो, हा एकसारखा होता. चाकावरचा होता. गावात चाक एकच होतं.

ती मागे फिरली, घरी आली, पडवीत गेली. वादीला तिढा होता.

तिनं काय विचार केला, तर काहीच केला नाही. भांडं कलंडलं तर आपण आधी ते उभं करतो, कुणी पाडलं ते मग बघतो, तसे तिचे हात पुढे झाले. तिनं वादी उतरवली, तिढा काढला, सरळ करून चढवली आणि चाकाला एक फेरा देऊन बघितला. मग ती तिथंच चाकाच्या पाटावर बसली. दोर एकट्यानं वळत नाही, हे तिला तेव्हा आठवलं. एक बसलेला होता आणि एक चालत होता. नवरा लवकर आला होता. धाकटा घरात होता.

दुपारी फौजदार आला. सज्जन होता, दमलेला होता, आणि गावकरी त्याच्या प्रश्नांना जी उत्तरं देत होते त्यांचा त्याला वीट आला होता. कुणी काही बघितलं नव्हतं. बरेच जण म्हणत होते, ती पाण्याला आपणहून गेली, असल्या बाया जातात. त्यानं विचारलं, हात आपणहूनच बांधले का?

पडवीत येऊन त्यानं नवऱ्याला वीतभर दोर वळून दाखवायला लावलं. दोरवालीनं चाक फिरवलं. फौजदारानं तो तुकडा आणि म्हातारीच्या हातांवरून काढलेला खिशातला तुकडा शेजारी धरून बघितले.

"तुमचा वेगळा आहे."

"आमचा सरळ असतो, साहेब."

"या चाकावर उलटा होऊ शकतो का?"

दोरवालीचे डोळे चाकावरून हलले नाहीत.

"वादीला तिढा घालावा लागेल," नवरा म्हणाला. "पण आमची वादी आखूड आहे. तिढा बसायचा नाही, ताणून तुटेल."

फौजदारानं वादीला बोट लावून बघितलं. ती ताठ होती. त्यानं मान हलवली आणि तो निघून गेला. पुढे दोनतीनदा आला, न्हाव्याला चावडीवर बसवून ठेवलं, बेडकाच्या घरात शोधलं, आणि हाती काही न लागता त्याची बदली झाली. त्या म्हातारीला कुणी मारलं, याचा छडा आजतागायत लागलेला नाही.

पण दोरवालीला त्या दुपारी एक गोष्ट पक्की कळली होती. वादी आखूड नव्हती. सकाळी तिनं आपल्या हातांनी तिढा काढला होता. नवरा खोटं बोलला होता, आणि इतकं सहज की तिला माहीत नसतं तर तिनंही मान हलवली असती.

विचारायचं कसं? विचारलं आणि तो हो म्हणाला, तर काय करायचं? नाही म्हणाला, तर विश्वास ठेवायचा का? ज्याच्या ताटात वाढायचं, ज्याचे कपडे धुवायचे, ज्याच्यासमोर रोज चाक फिरवायचं, त्याच्याबद्दल हे मनात घेऊन बसायचं. तो मागे मागे जाई, तोंड तिच्याकडे, आणि ती त्याच्या हातांकडे बघत बसे. ताग सोडणारे ते हात. आता तिला हसू येत नसे. तोही तिच्याकडे बघत असे. तिला वाटे, याला कळलंय की मला कळलंय.

धाकटा पंधरवड्यातच शहराकडे गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, इथं आता करमत नाही." तिनं त्याला भाकऱ्या बांधून दिल्या आणि तो वळणाआड जाईपर्यंत त्याची पाठ बघितली. पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं. तो पुन्हा आला नाही.

राहिली बदकं. त्यांना हात लावायला कुणी धजेना, मारून खायलाही नाही. संध्याकाळी ती म्हातारीच्या झोपडीपाशी येऊन ओळीनं उभी राहत आणि कोल्हा एकेक उचलून नेई. एका संध्याकाळी दोरवाली टोपलीत कोंडा घेऊन तळ्यावर गेली. म्हातारी घालायची तशी जिभेची टकटक करून बघितली. बदकं आली. तिनं त्यांना कुडाच्या आवारात घातलं, फाटकाला दोर बांधला आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. नवऱ्यानं विचारलं नाही, आणि अडवलंही नाही. उलट फाटक मोडकं झालं तेव्हा त्यानंच एक दिवस न बोलता नवीन करून दिलं. तेही तिच्या हिशेबात त्याच्याविरुद्धच गेलं.

गावाला तोंड होतंच. पोरं तिला बदकवाली म्हणू लागली. आधी हसून, मग जरा लांबून. एकदा न्हाव्याची सून वाटेतून बाजूला झाली आणि तिनं कडेवरच्या पोराचं तोंड झाकलं. ही वाट कुठे जाते ते तिनं बघितलं होतं. नव्या माणसासाठी नवा दोर वळायला किती वेळ लागतो, तेही तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तेव्हापासून रोज सकाळी उठली की ती आधी पडवीत जाऊन वादी बघे. सरळ असली की मग चूल पेटवी.

नवऱ्याचं वय झालं, छाती भरून येऊ लागली, आणि एका पावसाळ्यानंतर त्यानं अंथरूण धरलं. तागाची धूळ छातीत बसली, असं डॉक्टर म्हणाला. एका दुपारी ती त्याला पेज भरवत होती, तर त्यानं चमचा बाजूला सारला.

"वादीचा तिढा तू काढलास ना?"

"हो."

"वाटलंच मला."

"तुम्ही घातला होतात?"

"मी?" तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबायला वेळ लागला. "मी बाजारातून आलो तर घरात कुणी नाही. धाकटाही नाही. पडवीत गेलो. वादीला तिढा. चाकाच्या कण्याला हात लावला तर कोमट होता. म्हटलं हे काय चाललंय. मग धाकटा मागल्या दारानं येऊन निजला, आणि मग तू आलीस. आत्याकडे होते म्हणालीस."

"आत्याकडेच होते."

"सकाळी म्हातारीचं कळलं. घरी आलो तर वादी सरळ. ज्यानं घातला त्यानंच काढला असणार, नाही का?"

दोरवालीनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणून फौजदाराला आखूड म्हणालात."

"मग काय, तुला धाडू त्याच्याबरोबर?"

"मी कशाला मारीन त्या म्हातारीला?"

"पाळण्याचं बोलली होती ती."

"तुम्हाला काय माहीत मी ऐकलं ते?"

"तागाखालून तुझे पाय दिसत होते," नवरा म्हणाला. "म्हटलं, आता बाहेर येशील, मग येशील. तू पाण्याला गेली होतीस."

बाहेर अंगणात कुणीतरी गुरं हाकत गेलं. मग तिनं विचारलं, "इतकी वर्षं विचारलं का नाहीत?"

"तू विचारलंस?"

पेज गार झाली होती. तिनं ती पुन्हा गरम करून आणली आणि त्यानं चार चमचे घेतले. तो विषय पुन्हा निघाला नाही. आठवड्याभरात तो गेला.

तो खरं बोलला का? दोरवालीला बहुतेक वेळा वाटे, की खरंच बोलला. मरताना माणूस कशाला खोटं बोलेल? पण मग रात्री पडल्यापडल्या वाटे, मरताना तरी बायकोच्या मनातून उतरू नये म्हणून माणूस खोटं नाही का बोलणार? तेवढं चांगलं खोटं तो बोलू शकत होता, हे तिनं एकदा ऐकलं होतं. आणि खरं बोलला असेल, तर मग तो बसलेला कोण आणि चालणारा कोण? चालणारा धाकटा, हे जवळजवळ ठरल्यासारखं. चाकावर कोण?

याचं उत्तर तिला सुचलं ते बेडकाच्या दारावरून जाताना. तळ्याची वाट त्याच्या दारावरूनच होती. बेडूक मोडका पाय लांब करून ओट्यावर बसलेला असे, दिवसभर, आणि टोपल्या विणत असे. पाय गेला होता, पण विहिरीचा गाळ ओढून ओढून झालेले दंड अजून तसेच होते. चाक फिरवायला पाय लागत नाहीत.

ती चालता चालता थांबली नाही. थांबली असती तर त्यानं विचारलं असतं, काय झालं. त्या दिवसापासून रोज त्या दारावरून जाताना तिच्या पाठीला मुंग्या येत. दुसऱ्या वाटेनं गेलं असतं तर जाता आलं असतं. लांबची होती, पण होती. पण वाट बदलली तर त्याला कळेल. आणि तो नसेलच, तर एका लंगड्या माणसाला आपण उगीच आपल्या मनात फासावर चढवलं, असं होईल. एकदा एका तुटलेल्या दोराचा दोष दुसऱ्यावर टाकल्यानं काय झालं ते तिनं बघितलं होतं. म्हणून ती त्याच वाटेनं गेली, पुढची सगळी वर्षं.

शेवटच्या दिवशीही गेली. पाठ वाकली होती, दम लागत होता, आणि सकाळपासून डावा हात जड वाटत होता, पण बदकांना ते सांगून काय उपयोग. तिनं सकाळी वादी बघितली होती. चाक कित्येक वर्षं फिरलं नव्हतं, तरी बघितली होती. सरळ होती. संध्याकाळी तिनं टोपलीत कोंडा घेतला आणि निघाली.

बेडूक ओट्यावर होता. त्याचेही आता सगळे केस पांढरे झाले होते.

"निघालीस का गं म्हातारे?"

"निघाले."

"अजून किती वर्षं त्या बदकांचं करणार?"

"ती मरेनात, मी काय करू."

"तुझ्या पायात जोर आहे बघ अजून."

"तुझ्या हातात आहे," दोरवाली म्हणाली.

बेडकाची बोटं टोपलीच्या काडीवर थांबली. मग पुन्हा चालू लागली. "सांभाळून जा," तो म्हणाला, "काठावर शेवाळ आलंय."

"बरं."

तळ्यावर ऊन उतरलं होतं. तिनं जिभेची टकटक केली तशी बदकं पाण्यातून वर आली, एकामागे एक, अंग झटकत, तिच्या पायांवर पाणी उडवत. तिनं कोंडा टाकला. एक लंगडं पिल्लू मागे राहत होतं, त्याच्यासाठी मूठभर वेगळा ठेवला होता तो त्याच्यापुढे टाकला. सगळी कुडात गेल्यावर तिनं फाटक ओढलं, नवऱ्यानं केलेलं, आणि दोराची गाठ मारली. मग रोजच्यासारखं दोरावरून बोट फिरवून बघितलं. रेघ उजवीकडे चढत होती. तिनं टोपली उपडी करून झटकली, काखेत धरली आणि आल्या वाटेनं घरी निघाली.